हजेरीच्या कागदावरचं पहिलं नाव

मंगळवारी सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटांनी विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात आगीची घंटा वाजली. अकरा वाजून बत्तीस मिनिटांनी अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांनी मला विचारलं, आत कोणी राहिलं आहे का. मी हातातल्या कागदाकडे बघितलं आणि सांगितलं, कोणी नाही, एकोणीसच्या एकोणीस जण बाहेर आहेत. बाहेर अठरा होते.

एकोणिसावे दुसऱ्या मजल्याच्या टोकाला, बाइंडिंगच्या खोलीत होते. कागदावर त्यांचं नाव पहिलं होतं आणि नावापुढे टिक होती. टिक माझी होती.

ही गेल्या वर्षीची, उन्हाळा सुरू होतानाची गोष्ट आहे. काही मी स्वतः पाहिलं, काही चौकशीत इतरांनी सांगितलं, काही अजून नक्की झालेलं नाही. लिहिताना हे तिन्ही वेगळं राहील याची काळजी घेतली आहे.

विद्यापीठाचं आवार म्हैसूरला, हेब्बाळच्या पुढे आहे. आमचा विभाग एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. जिना एकच. जिना चढून आलं की समोर मोठी खोली, तिथे आम्ही बहुतेक जण बसत असू. उजव्या हाताला कागदाचं गोदाम, गोदामाला लागून अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला बाइंडिंगची खोली. त्या खोलीतून जिन्याकडे यायचं तर गोदामाच्या दारावरून यावं लागे.

खोलीत पुस्तकं आणि प्रबंध बांधणाऱ्या गृहस्थांना सगळे मामा म्हणत. कन्नड बोलणारेही मामाच म्हणत. साठी ओलांडली होती, पण त्यांच्यासारखी पुस्तकाची पाठ कोणी शिवत नाही म्हणून विभागाने त्यांना ठेवून घेतलं होतं. राहायला अग्रहार भागात. पूर्वज कापड रंगवणारे आणि छापणारे, कित्येक पिढ्यांपूर्वी म्हैसूरला आलेले. घरात मराठी बोलत, पण ती वाचता येत नसे. वाचन सगळं कन्नडमध्ये. आमचं घराणं जुन्या म्हैसूरच्या लष्करात चाकरीला आलेलं. मी बरीच वर्षं पुण्यात एका वर्तमानपत्राच्या संपादन विभागात काढली आणि नंतर म्हैसूरला, जयलक्ष्मीपुरमच्या घरी परतलो. विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघेच होतो. दुपारचा डबा त्यांच्या खोलीत, पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर वर्तमानपत्र अंथरून खात असू.

त्यांना कमी ऐकू यायचं. कानाचं यंत्र होतं, पण कागद कापायचं मशीन सुरू झालं की त्या यंत्रात शिट्टी वाजे, म्हणून खोलीत असताना ते यंत्र सदऱ्याच्या खिशात असे. त्यांच्याशी बोलायचं तर समोर जाऊन, तोंड दिसेल असं उभं राहून बोलावं लागे. गुडघेही दुखत. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत.

मला ते नावाने हाक मारत नसत. 'पेपरवाले' म्हणत.

"काय पेपरवाले, आज कोण मेलं?" डबा उघडताना रोज हा प्रश्न.

"आज कोणी नाही."

"मग पेपर कशाला काढला सुम्ने?" सुम्ने म्हणजे उगाच. हे बोलून स्वतःच हसत.

त्या दिवसाच्या साधारण दोन वर्षं आधी विद्यापीठाने आगीच्या वेळी कोणी काय करायचं याचं प्रशिक्षण सुरू केलं. शिकवायला सुरक्षा अधिकारी आले. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना सुभेदारच म्हणत. प्रत्येक मजल्याला त्यांनी कामं वाटून दिली. मजल्याचा एक वॉर्डन, त्याने सगळ्यांना बाहेर काढायचं. एक तपासणारा, त्याने सगळ्यात शेवटी प्रत्येक खोलीत आणि संडासात बघून दारं ओढून घ्यायची. एक हजेरी घेणारा, त्याने खाली ठरलेल्या जागी नावं मोठ्याने वाचायची आणि उत्तर आल्याशिवाय टिक करायची नाही. दल आलं की किती बाहेर, किती आत, हे त्यानेच सांगायचं. ज्याला ऐकू येत नाही किंवा चालता येत नाही त्याला एक सोबती, त्याने घंटा वाजताच त्या माणसाकडे जायचं.

विभागप्रमुख मॅडम वॉर्डन झाल्या. तपासणीचं काम मुद्रितशोधकांकडे गेलं. हजेरी मला मिळाली, कारण नावं न चुकता वाचणं हा माझा धंदाच होता, असं मॅडम म्हणाल्या. मग मामांच्या सोबत्याचा प्रश्न आला.

"यांनाच द्या," मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. "दोघे एकाच भाषेत बोलतात."

सुभेदार म्हणाले, "एका माणसाला दोन कामं नकोत, मॅडम. धूर आला की त्यातलं एकच होतं."

"कागदावर तर आहे ना, सर. कागदावर जागा रिकामी दिसायला नको."

मी समोर जाऊन मामांना हे सांगितलं. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पेपरवाले माझे सोबती? मग मला उचलून नेणार, की आधी बातमी लिहिणार?"

खोली हसली. सुभेदारही हसले. कागदावर माझं नाव दोन ठिकाणी लिहिलं गेलं.

प्रत्येकाला एक छापील कार्ड मिळालं, कन्नड आणि इंग्रजीत. बहुतेकांची कार्डं खणात गेली. मामांनी आपलं कार्ड पुठ्ठ्यावर डकवलं, कडेने लाल रेक्झिनची पट्टी लावली आणि खोलीच्या दाराला आतून टांगलं. त्यात शेवटची सूचना अशी होती: बाहेर पडता येत नसेल तर दार लावा, फटीत ओलं कापड कोंबा, खिडकीला दिसेल असं कापड बांधा आणि थांबा. यादीत तुमचं नाव आहे. तुम्हाला न्यायला माणसं येतील.

पहिल्या कवायतीला मी मामांना घेऊन जिना उतरलो. आमच्या मजल्याला नऊ मिनिटं दहा सेकंद लागले. आवारातल्या सगळ्या विभागांच्या वेळा फलकावर लागल्या, त्यात आम्ही शेवटचे. कुलसचिवांनी मॅडमना बोलावून विचारलं. पुढच्या कवायतीच्या दिवशी सकाळी त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "पाप, मामांना कशाला त्रास? गुडघे दुखतात त्यांचे. आधीच खाली जाऊन बसू दे." पाप म्हणजे बिचारे.

मला ते योग्य वाटलं. मामांनाही वाटलं. त्या दिवसापासून पद्धत पडली. कवायतीची वेळ आधी कळलेली असे. पंधरा-वीस मिनिटं अगोदर मी मामांना जाऊन सांगत असे, ते वर्तमानपत्र आणि डब्याची पिशवी घेऊन सावकाश खाली जात आणि करंजाच्या झाडाखालच्या दगडी बाकावर बसत. तीच आमची जमण्याची जागा. मी टेबलाशी परत येऊन यादीत त्यांच्या नावापुढे टिक करून ठेवत असे. घंटा झाली की बाकीचे सगळे उतरत. खाली मी दुसऱ्या नावापासून वाचायला सुरुवात करत असे. पहिलं नाव वाचायचं कारण नसे. ते समोर बसलेले असत, आणि वाचलं असतं तरी त्यांना ऐकू गेलं नसतं.

त्या वेळी आम्हाला चार मिनिटं बावीस सेकंद लागले. फलकावर आम्ही पहिले आलो. नंतरही दोनदा पहिले आलो. मामा बाकावरून म्हणत, "तुम्ही सगळे मागून आलात. माझा नंबर पहिला." घरी जाऊनही हेच सांगत, हे मला नंतर त्यांच्या पत्नीकडून कळलं.

सुभेदारांना ही पद्धत माहीत होती का, याचं उत्तर त्यांनी चौकशीत दिलं. माहीत नव्हती, असं ते म्हणाले. ते घंटेच्या यंत्रापाशी घड्याळ घेऊन उभे असत. तिथून करंजाचं झाड दिसत नाही, हे मी नंतर जाऊन पाहिलं.

त्या मंगळवारी कवायत साडेअकराला होती. सकाळी दहा चाळीसला वीजतंत्र्याने जनरेटर चालवून पाहिला आणि पुन्हा नेहमीची वीज जोडली. मुद्रितशोधक रजेवर होते. त्यांच्या जागी तपासणी कोण करणार हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, मीच करते.

अकरा पाचला मी बाइंडिंगच्या खोलीत गेलो. शिकंज्यात एका प्रबंधाच्या पाच प्रती दाबून ठेवलेल्या होत्या. तो प्रबंध त्याच दिवशी दुपारी दाखल व्हायचा होता. मामा शेवटच्या प्रतीच्या कडेने बोट फिरवत होते.

मी समोर उभं राहून म्हणालो, "मामा, आज आहे. चला खाली."

"आज पुन्हा पहिला नंबर काय?" ते म्हणाले. मग शिकंज्याकडे मान केली. "खळ ओली हाय, नोडी." नोडी म्हणजे बघा. "आत्ता सोडलं तर पुठ्ठा वाकतो. स्वल्प थांबा. दहा मिनिटात जातो मी."

"नक्की?"

"तुम्ही जा हो. मला रस्ता ठाऊक आहे की."

मी टेबलाशी परत आलो. त्या दिवशी हजर असलेल्या एकोणीस जणांच्या यादीची प्लास्टिकची फाइल सकाळीच माझ्याकडे आणून ठेवलेली होती. फाइलला दोऱ्याने बांधलेलं पेन काळ्या शाईचं होतं. माझं निळ्या शाईचं. पहिल्या नावापुढची टिक निळी आहे, बाकीच्या सतरा नावांपुढच्या आणि माझ्या नावापुढची काळी आहे. निळी टिक करतानाचा क्षण मला आठवत नाही.

अकरा सतराला घंटा झाली तेव्हा कोणी घाबरलं नाही.

"तेरा मिनिटं आधीच?" लेखापाल बाई म्हणाल्या. "सुभेदारांचं घड्याळ पळतंय."

कोणी तरी कॉफीचा पेला हातात घेऊनच उठलं. जिन्यात मागून एकाने पुढच्याला कन्नडमध्ये टोमणा मारला की असाच उतरलास तर पहिल्या नंबराची ढाल जाईल हातची. मी फाइल घेतली. जिन्याच्या तोंडाशी जळक्या वायरचा वास येत होता. तो मला आला होता. मी खाली गेलो.

पुढचं मॅडमच्या जबाबात आहे. सगळे उतरल्यावर त्या बोळाच्या तोंडाशी गेल्या. गोदामाच्या दाराखालून धूर येत होता, बोळात कमरेच्या वर धूर होता. त्यांनी तिथूनच तीनदा हाक मारली, कोणी आहे का. उत्तर आलं नाही. त्या परत फिरल्या.

आम्ही करंजाखाली जमलो होतो. वरच्या खिडकीतून काळा धूर निघाला तेव्हा हसणं थांबलं. मी दुसऱ्या नावापासून यादी वाचली. मॅडम सोडून प्रत्येकाने उत्तर दिलं. मॅडम खोकत आल्या, त्यांच्याही नावापुढे टिक झाली. पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, "मामा?"

मी यादीत बघितलं. "बाहेर आहेत."

बाक माझ्या पाठीमागे, सात-आठ पावलांवर होता. माणसं त्याच्याभोवती उभी होती. मी वळून बघितलं नाही.

अकरा एकतीसला दलाची पहिली गाडी आली. बत्तीसला मी अधिकाऱ्यांना तो आकडा सांगितला. आत माणूस नाही म्हटल्यावर त्यांनी खालच्या मजल्यावरच्या ग्रंथसंग्रहाकडे आग जाऊ नये म्हणून पाण्याचा मारा गोदामावर धरला. हे त्यांच्या नियमाप्रमाणे होतं.

अकरा पन्नासला पोलिसांनी आम्हाला आणखी मागे सरायला सांगितलं. माणसं हलली आणि बाक मोकळा दिसला. त्यावर वर्तमानपत्र नव्हतं. डब्याची पिशवी नव्हती. मी लेखापाल बाईंना विचारलं, मामा कुठे आहेत. त्या म्हणाल्या, "तुम्हीच तर म्हणालात."

मी धावत अधिकाऱ्यांकडे गेलो आणि सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठली खोली?" तोंडाला मुखवटे लावलेले दोघे जण आत गेले. अकरा अठ्ठावन्नला त्यांनी मामांना बाहेर आणलं. तेव्हा श्वास चालू होता. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. कारण धूर. अंगावर भाजल्याची खूण नव्हती.

पंचनाम्यातल्या नोंदी मी वाचल्या आहेत. दार बंद होतं. दाराखालच्या फटीत खळीच्या बादलीत भिजवलेलं मांजरपाट कोंबलेलं होतं. खिडकीच्या गजाला पिवळ्या रंगाचं रेक्झिन बांधलेलं होतं, दोन गाठी मारून. ती खिडकी इमारतीच्या मागच्या बाजूला उघडते. मागे कंपाउंडची भिंत आहे आणि भिंतीपलीकडे कारखान्यांच्या बसगाड्या उभ्या करायची जागा. त्या वेळी मागच्या बाजूला कोणी नव्हतं. मामा खिडकीखाली भिंतीला टेकून बसलेले सापडले. कानाचं यंत्र कानात होतं. शिकंज्यातल्या पाचही प्रती शाबूत होत्या.

तेराव्याला मी अग्रहारात त्यांच्या घरी गेलो. गल्लीत दोन रिक्षा उभ्या होत्या, पंगत उठली होती. मामी आतल्या खोलीत चटईवर बसल्या होत्या. मी त्यांना आधी दोन-तीनदाच भेटलो होतो.

"या, बसा. पेपरवाले न तुम्ही?" त्या म्हणाल्या. "तुमचं रोज सांगायचे. तुमच्या डब्यात मीठ कमी असतं म्हणून."

मी बसलो.

"एक विचारते. सांत्वनाला ऑफिसातले आले होते. बाहेर ओट्यावर बोलत होते, म्हातारा हट्टी, सांगूनही उठला नाही. माझ्या कानावर पडलं. मला ऐकू येतं न." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "खरं का हो? हट्टानं बसले?"

मी म्हणालो, "चौकशी चालू आहे. लिहून येईल."

"लिहून येईल तेच राहील, होय न? उद्या नातवाला कोणी विचारलं तर तेच दाखवतील."

"हो."

"मग खरं काय ते लिहायला सांगा. मला बाकी काही नको. अष्टे." अष्टे म्हणजे एवढंच.

मी बघतो म्हणालो. टिकेबद्दल त्या दिवशी मी काही सांगितलं नाही.

चौकशी समिती तिघांची होती. माझा पहिला जबाब तोपर्यंत झालेला होता. त्यांनी विचारलं, हजेरी घेतली का. मी म्हणालो, घेतली. त्यांच्या नावापुढे टिक कशी आली? चुकून आली. त्यांना कवायतीची सूचना दिली होती का? दिली होती, अकरा पाचला. सगळी उत्तरं खरी होती. जे विचारलं गेलं नाही ते मी सांगितलं नव्हतं.

महिन्याभराने अहवालाचा मसुदा तयार झाला आणि भाषा तपासण्यासाठी आमच्याच विभागात आला. विद्यापीठाचं सगळं छापील आमच्याकडूनच जात असे. मुद्रितशोधकांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "मला नाही वाचवत. तुम्ही बघा." अहवाल इंग्रजीत होता. अकराव्या पानावरच्या वाक्याचा अर्थ असा होता: पूर्वसूचना मिळूनही आणि घंटा होऊनही संबंधित कर्मचारी आपल्या इच्छेने खोलीत थांबून राहिला.

वर्तमानपत्रात असताना आम्हाला एक नियम होता. मजकुरातली भाषा संपादकाने सुधारायची, तथ्य सुधारायचं नाही. तथ्याबद्दल शंका असेल तर समासात 'तपासा' लिहून मजकूर परत पाठवायचा. मी त्या वाक्याशेजारी 'तपासा' लिहिलं.

मॅडमनी ते पान बघितलं आणि दार लावून घेतलं.

"काय तपासायचं आहे?"

"घंटा त्यांना ऐकू गेली नसणार. घंटेनंतर त्यांच्याकडे जायचं काम एका माणसाचं होतं. तो गेला नाही. हे अहवालात नाही."

"तो माणूस तुम्ही आहात."

"हो."

"आणि आधी खाली बसवायची पद्धत? तीही सांगणार?"

"त्याशिवाय टिक समजत नाही."

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून त्या पानावर ठेवला. मग म्हणाल्या, "ती मी सुरू केली. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून केली. तुम्ही होता तिथे."

"फलकासाठीही केली."

"हो. फलकासाठीही." त्यांचा आवाज खाली गेला. "मी तीनदा हाक मारली, सर. ऐकू येत नाही हे माहीत असून मी हाक मारली. हे मला रोज आठवतं. ते लिहा. पण त्या सगळ्या वेळा खोट्या होत्या असं लिहिलंत तर विद्यापीठातला एकही विभाग आपल्याशी बोलणार नाही. ते तर गेले आता."

मी म्हणालो, मी फक्त माझं लिहीन. त्या म्हणाल्या, तुमचं लिहिलंत की माझं येतंच.

दुसरा जबाब मी स्वतः लिहून दिला. दोन पानं. त्यात सोबत्याची नेमणूक, पहिल्या कवायतीची वेळ, नंतरची पद्धत, अकरा पाचचं बोलणं, निळी टिक, मॅडमचा प्रश्न आणि माझं उत्तर, अधिकाऱ्यांचा प्रश्न आणि माझं उत्तर, अशा क्रमाने लिहिलं. मतं लिहिली नाहीत. दुसऱ्या दिवशी मॅडमनीही पुरवणी जबाब दिला. तो त्यांनी मला दाखवला नाही. अहवालाच्या परिशिष्टात तो आहे आणि माझ्या जबाबाशी कुठेही विसंगत नाही.

त्याच आठवड्यात मी पुन्हा अग्रहारात गेलो. रविवार होता, दुपारची वेळ. मामी एकट्या होत्या. त्यांनी कॉफी आणून ठेवली. मी सगळं मराठीत, पहिल्यापासून सांगितलं. टिक म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, "दार कुणी लावलं होतं?"

"त्यांनीच. आतून. फटीत ओलं कापड लावलं होतं. खिडकीला पिवळं रेक्झिन बांधलं होतं."

"ते कार्ड. घरी पण एक करून आणलं होतं, असंच लाल पट्टीचं." त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे ते टांगलेलं होतं. "त्यात लिहिलंय न, थांबा म्हणून. माणसं येतील म्हणून."

"हो."

"म्हणजे हट्टानं नाही बसले. वाट बघत बसले."

"हो."

"तुमची."

"हो. माझी."

रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक गेली. मामींनी पेला माझ्याकडे सरकवला. "गार होतीय. घ्या," त्या म्हणाल्या. मी कॉफी प्यालो. निघताना त्या दारापर्यंत आल्या नाहीत.

अंतिम अहवाल पावसाळ्यात आला. आगीचं कारण गोदामातल्या वायरिंगमधला शॉर्टसर्किट. सकाळच्या जनरेटर चाचणीशी त्याचा संबंध होता की नाही, हे ठरवता आलं नाही असं नमूद आहे. अकराव्या पानावरचं ते वाक्य नाही. त्या जागी तीन वाक्यं आहेत. पहिलं: कर्मचाऱ्याला कमी ऐकू येत असे आणि घंटेनंतर त्याच्यापर्यंत पोचण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती तो पोचला नाही. दुसरं: हजेरीची नोंद घंटेपूर्वी केलेली होती. तिसरं: खोलीत अडकल्यावर कर्मचाऱ्याने प्रशिक्षणात दिलेल्या सर्व सूचना पाळल्या होत्या. मला लेखी ताकीद मिळाली आणि हजेरीचं काम काढून घेतलं गेलं. मॅडमची बदली परीक्षा विभागात झाली. फलकावरच्या जुन्या वेळा पुसल्या गेल्या.

अहवालाची प्रत विद्यापीठाने टपालाने मामींना पाठवली. ती मिळाल्याची पोच त्यांच्या सहीनिशी परत आली. सही कन्नडमध्ये आहे.

त्यानंतरची कवायत न सांगता झाली. यादीत अठरा नावं होती. हजेरी लेखापाल बाईंनी घेतली. त्यांनी अठराही नावं मोठ्याने वाचली आणि प्रत्येकाचं उत्तर आल्यावर टिक केली. शेवटचा माणूस खाली यायला नऊ मिनिटं चाळीस सेकंद लागले.